हिमतुषारापासून अंगणातील फुलबागेचे रक्षण

कार्तिकात तुळशीची लग्ने लागली की महाराष्ट्रातील घरोघरच्या फुलबागा भरास येतात. पावसाळी झेंडू अद्याप फुलत असतो, शेवंतीच्या कळ्या उमलू लागलेल्या असतात, आश्विनात छाटलेल्या गुलाबाला नवे फुटवे येऊन पहिली फुले धरलेली असतात, आणि वाफ्यात टाकलेल्या हिवाळी फुलझाडांची रोपे बोट-दोन बोटे वर आलेली असतात. मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेसाठी फुलांची निकड भासते तीही याच दिवसांत. नेमक्या याच सुमारास उत्तरेकडील कोरडे वारे येऊन आकाश निरभ्र होते, आणि एखाद्या सकाळी बागेचे रूप पालटून गेलेले दिसते. आदल्या संध्याकाळी टवटवीत असलेली रोपे उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी मलूल होतात आणि दुपारपर्यंत त्यांची पाने काळवंडतात.

ही हानी केवळ शोभेची नसते. आपल्याकडे अंगणातील झेंडू, तेरडा, झिनिया यांचे बी बहुतेक घरांत घरच्या घरीच धरले जाते. आईने सासरी येताना आणलेले, शेजारणीकडून मागून घेतलेले, वर्षानुवर्षे त्याच अंगणात रुजलेले असे हे बी असते. फुले पक्व होण्याआधीच रोप मेले तर त्या वर्षीचे बीही जाते, आणि बाजारातील पाकिटातून ते परत मिळेलच असे नाही. हे नुकसान पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी खर्च फारसा लागत नाही. मात्र हिमतुषार पडतो तो कसा, हे नीट समजून घ्यावे लागते.

महाराष्ट्रात हिमतुषार कोठे पडतो?

आपले राज्य उष्ण कटिबंधात मोडत असल्याने येथे झाडांवर बर्फ साचतो, ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. कोकण किनारपट्टीला समुद्राच्या सान्निध्यामुळे हे भय नाही. तथापि देशावर, खानदेशात आणि विदर्भात कडाक्याच्या थंडीची लाट काही वर्षांच्या अंतराने येतच असते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद झाली. मोगल अमदानीत गुलशनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाशिक परिसरात, विशेषतः निफाड तालुक्यात, दर हिवाळ्यात पारा बराच खाली जातो. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातील तापमानाच्या नोंदींकडे तेथील द्राक्षबागाईतदारांचे त्यामुळे सतत लक्ष असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या काही पहाटे गवतावरील दव गोठून पांढरी चादर पसरते. सातपुड्यातील तोरणमाळच्या पठारावरही असाच अनुभव येतो.

उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यानंतर तिकडील थंड व कोरडी हवा मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे उतरते. या हवेने थंडीची पूर्वतयारी होते. परंतु झाडांना मारक ठरणारा शेवटचा घाव बहुधा बाहेरून येणाऱ्या वाऱ्याचा नसतो. तो पडतो वारा थांबल्यावर, प्रत्येक अंगणात स्वतंत्रपणे.

ऊब आकाशाकडे निघून जाते

दिवसा जमीन सूर्याची उष्णता घेते. सूर्य मावळला की तीच उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे परत जाऊ लागते. आकाशात ढग असतील तर ते त्यातील बराच भाग खाली परत पाठवितात. म्हणून ढगाळ रात्री उबदार असतात. हवेत बाष्प पुष्कळ असेल तरीही ही गळती मंदावते. उलट आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर जमीन, गवत आणि झाडांची पाने झपाट्याने थंड होतात, आणि त्यांच्या सभोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतात.

ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. हवामान वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झरोक्यांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. उघड्यावरील गवताचे तापमान त्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असू शकते. म्हणजेच आकाशवाणीच्या बातम्यांत किमान तापमान ४ अंश सांगितले तरी आपल्या वाफ्यातील रोपांवर त्या पहाटे पाणी गोठलेले असणे शक्य आहे.

याचा उत्तम पुरावा आपल्याच देशात मिळतो. बर्फाचे कारखाने निघण्यापूर्वी उत्तर हिंदुस्थानात, अलाहाबादसारख्या ठिकाणी, थंडीच्या रात्री मैदानात बर्फ तयार केला जात असे. सर रॉबर्ट बार्कर यांनी या पद्धतीचे वर्णन १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. उघड्या मैदानात सुमारे दोन फूट खोलीचे खड्डे खणून त्यांत ऊस किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर पसरीत. त्या थरावर मातीच्या उथळ परळांतून पाणी ठेवीत. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही पहाटेपर्यंत परळांत बर्फ धरत असे. वाळलेल्या ताटांचा थर जमिनीची ऊब वर येऊ देत नसे आणि पाण्याची स्वतःची ऊब उघड्या आकाशाकडे निघून जाई. बर्फ करणाऱ्या कारागिरांना हवे होते तेच आपल्याला बागेत नको आहे. म्हणून त्यांनी जे केले त्याच्या उलट आपण करावयाचे, एवढे सूत्र ध्यानात धरले तर पुढील बहुतेक उपाय आपोआप सुचतात.

दव व हिमतुषार यांची ही मीमांसा विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील वैद्याने १८१४ साली ग्रंथरूपाने मांडली. कोवळ्या रोपांवर पातळ चटया अंथरणाऱ्या माळ्यांचे त्याला आरंभी हसू येत असे. हवा जर सगळीकडे सारखीच थंड, तर एवढ्याशा आच्छादनाने काय होणार, असे त्याला वाटे. पुढे त्याने हिरवळीवर चार काठ्या रोवून, गवतापासून सहा इंच उंचीवर एक तलम रुमाल ताणून बसविला. रुमालाखालील गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा कित्येक अंशांनी उबदार राहिल्याचे त्याला आढळले. माळ्यांचेच खरे होते, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

रोपाच्या आत काय घडते?

गोठण्याची क्रिया प्रथम पेशींच्या मधील पोकळ्यांत सुरू होते. तेथे बनलेले बर्फाचे कण पेशीच्या आतील पाणी ओढून घेतात. पेशी सुकते, तिची आवरणे फाटतात, आणि ऊन पडून बर्फ वितळला की आतील रस बाहेर पाझरतो. म्हणूनच पाने प्रथम काचेसारखी ओलसर दिसतात व मग काळी पडतात. कोवळ्या, रसभरीत पालवीत पाणी अधिक असल्याने तिला सर्वांत आधी इजा होते.

थंडी हळूहळू वाढत गेली तर पुष्कळ झाडे तिला सरावतात. त्यांच्या पेशींत शर्करेचे प्रमाण वाढते आणि गोठण्याला तोंड देण्याची ताकद येते. यामुळेच हंगामाच्या आरंभी अवचित आलेली एक कडक रात्र, पौषातील तितक्याच थंड रात्रीपेक्षा अधिक नाश करते.

नाजूक कोण, काटक कोण?

सर्व फुलझाडांची सारखीच काळजी घेण्याचे कारण नाही. झेंडू, झिनिया, तेरडा, कॉसमॉस, डेलिया, कोलियस, क्रोटन, पॉइन्सेटिया, जास्वंद आणि बोगनवेलीची कोवळी रोपे ही नाजूक समजावीत. शेवंती मध्यम आहे. तिचे झाड तगते, परंतु उमललेली फुले डागाळतात. गुलाबाच्या जुन्या फांद्या थंडी सोसतात, कोवळे शेंडे व कळ्या मात्र करपतात. पॅन्सी, अँटिऱ्हिनम, डायंथस, कॅलेंडुला, लार्कस्पर आणि स्वीट पी ही मूळची थंड हवेची झाडे असल्याने हलका हिमतुषार सहज सोसतात. डेलिया आणि कर्दळीचा वरचा भाग काळा पडला तरी जमिनीखालील कंद जिवंत असतात. मोगरा या दिवसांत विश्रांती घेतो. त्याला खत-पाणी देऊन जागे करू नये.

तुळशीचा विचार वेगळा करावयास हवा. हिमतुषार पडण्याची तिला गरजच नसते. रात्रीचे तापमान १० अंशांखाली काही दिवस राहिले तरी तिची पाने काळवंडून गळू लागतात. त्यातून आपले तुळशी वृंदावन बहुधा अंगणाच्या मध्यभागी, म्हणजे पूर्ण उघड्या आकाशाखाली असते. तुळशीच्या लग्नासाठी बांधलेला उसाचा मांडव लगेच न मोडता त्यावर संध्याकाळी एखादे जुने धोतर किंवा लुगडे पसरले तर रोपाला चांगले संरक्षण मिळते. पक्व मंजिऱ्या खुडून त्यांचे बी सावलीत वाळवून ठेवावे. रोप गेलेच तर फाल्गुनात पुन्हा रुजविता येते.

बागेची जागा

थंड हवा जड असते आणि पाण्याप्रमाणे उताराने वाहून खोलगट जागी साचते. महाबळेश्वर गावात गारवा बेताचा असताना वेण्णा तलावाकाठी दव गोठते, त्याचे एक कारण हेच आहे. हाच प्रकार लहान प्रमाणात प्रत्येक आवारात घडतो. अंगणाचा सखल कोपरा हा सर्वांत थंड कोपरा असतो. तेथे नाजूक फुलझाडे लावू नयेत. उताराच्या खालच्या बाजूस दाट कुंपण किंवा भिंत असेल तर थंड हवा आत कोंडते. कुंपणात खालून थोडी वाट मोकळी ठेवावी.

घराच्या दक्षिणेकडील व पश्चिमेकडील भिंती दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतात. त्यांच्या पायथ्याची दोन-तीन हात रुंदीची पट्टी ही नाजूक फुलझाडांची हक्काची जागा होय. आंबा, कडुलिंब यांसारख्या सदापर्णी वृक्षांखालीही हिमतुषार क्वचितच पडतो, कारण वृक्षाचा पर्णभार ढगाप्रमाणे जमिनीची ऊब अडवून धरतो.

आगाऊ तयारी

कार्तिकापासून नत्रयुक्त खते देणे थांबवावे. त्यांच्यामुळे कोवळी पालवी फुटते आणि हिमतुषाराला आयते भक्ष्य मिळते. गुलाब, जास्वंद व बोगनवेल यांची छाटणी मार्गशीर्ष-पौषात करू नये. झेंडू, झिनिया यांची पहिली चांगली फुले बियाण्यासाठी राखून, पक्व होताच काढून घ्यावीत. कोलियस व क्रोटन यांच्या एक-दोन छाट कलमांच्या कुंड्या घरात ठेवाव्यात. मूळ झाड दगावले तरी वाण टिकून राहतो.

हिमतुषाराची रात्र संध्याकाळीच ओळखता येते. आकाश स्वच्छ आहे, चांदण्या लखलखीत दिसत आहेत, वारा दिवेलागणीलाच पडला आहे, आणि रात्री नऊच्या सुमारास पारा १० अंशांच्या खाली आहे, अशी लक्षणे जुळली तर सावध व्हावे. खातरजमा करण्यासाठी उथळ ताटलीत बोटभर पाणी घालून ती वाफ्याजवळ वाळलेल्या गवतावर ठेवावी. पहाटे पाण्यावर बर्फाचा पापुद्रा दिसला तर बागेतील तो भाग धोक्याचा आहे, हे कळून येते.

पाणी आणि माती

ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती वरपर्यंत पोहोचविते. यास्तव थंडीची लाट येण्याचा अंदाज असेल तर दुपारपूर्वी वाफ्यांना पाणी द्यावे, म्हणजे ओली जमीन उन्हात तापण्यास अवधी मिळतो. माती वीतभर ओलावेल इतके पाणी पुरे. चिखल करू नये. संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडणे मात्र टाळावे. ते पाणी उडून जाताना पानांतील उष्णता घेऊन जाते.

अशा दिवसांत खुरपणी करू नये. भुसभुशीत केलेल्या मातीत हवा भरते आणि खालची ऊब वर येत नाही. वाळलेला पाला, भुसा किंवा गवत यांच्या आच्छादनाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. असे आच्छादन मुळांना उबदार ठेवते, हे खरे. परंतु त्यावर उभ्या असलेल्या बुटक्या रोपांना ते जमिनीच्या ऊबेपासून तोडते. अलाहाबादच्या खड्ड्यांतील ताटांनी हेच काम केले होते. म्हणून कंदांवर व मोठ्या झाडांच्या बुंध्याशी आच्छादन जरूर ठेवावे. हंगामी फुलझाडांच्या वाफ्यांतून मात्र थंडीच्या लाटेपुरते ते बाजूला सारावे.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी या दिवसांत हाताला कोमट लागते, कारण खोलवरच्या जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. पहाटे हे पाणी वाफ्यांत मुळांशी सोडल्यास रोपांभोवतीची हवा थोडी उबदार होते. द्राक्षबागाईतदार पहाटे बागेला पाणी देतात, त्यामागील विचार हाच आहे.

आच्छादन कसे करावे?

घरगुती फुलबागेसाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कापडाचे छत. त्याकरिता जुनी सुती साडी, चादर, तरट किंवा चटई चालते. वाफ्याच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवून, रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर अंतर राहील अशा बेताने ते ताणावे. कापड पानांना टेकू देऊ नये. टेकलेल्या ठिकाणी पानाची ऊब कापडातून निघून जाते. कापडाच्या कडा जमिनीपर्यंत सोडाव्यात. राखावयाची आहे ती जमिनीतून वर येणारी ऊब होय. झाडाच्या डोक्याला फडके गुंडाळून बुंध्याशी आवळून बांधले तर ती ऊब आत येतच नाही, आणि श्रम वाया जातात.

छत सूर्यास्ताच्या सुमारास, जमीन उबदार असतानाच घालावे. मध्यरात्री घातलेल्या छताखाली राखण्यासारखे फारसे उरत नाही. सकाळी ऊन वर आल्यावर ते न विसरता काढावे. पातळ प्लॅस्टिकचा कागद या कामी कापडाइतका उपयोगी नाही. जमिनीचे उष्ण किरण त्यातून बरेचसे आरपार जातात, आणि सकाळी त्याखाली रोपे उबून निघतात. एकेकट्या रोपावर उपडी टोपली किंवा मातीचे मडके ठेवले तरी भागते.

मोठ्या छताखाली पाण्याने भरलेली एक-दोन भांडी ठेवल्यास अधिक लाभ होतो. बादलीतील १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५ अंशांवर येताना सुमारे २२५ किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते. ती छताखालीच राहिली तर रोपांच्या उपयोगी पडते.

कुंड्यांतील झाडांची मुळे चहूबाजूंनी थंडीला उघडी असतात. गच्चीवरील कुंड्यांना तर भिंतीचा किंवा झाडाचा आडोसाही नसतो. अशा कुंड्या संध्याकाळी ओसरीवर किंवा पडवीत आणाव्यात. ते शक्य नसेल तर भिंतीलगत एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, नाजूक झाडे मध्यभागी व काटक झाडे बाहेर अशी मांडणी करावी, आणि भोवती तरट गुंडाळावे.

शेकोटीच्या धुराने हिमतुषार टळतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. मोठ्या बागांत अनेक ठिकाणी पेटविलेल्या शेकोट्यांच्या उष्णतेचा आणि त्यामुळे हवा ढवळली जाण्याचा थोडा उपयोग होतो. धूर स्वतः मात्र ढगासारखे काम करीत नाही. त्याचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीचे उष्ण किरण त्यातून सहज निघून जातात. घराच्या आवारात पालापाचोळा जाळल्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना खोकला होतो आणि खताला उपयोगी पडणारा पाला राख होतो. त्यापेक्षा तो खताच्या खड्ड्यात घालावा.

नुकसान झालेच तर

इतके करूनही एखाद्या रात्री बाग सापडतेच. अशा वेळी घाई करू नये, हा सर्वांत महत्त्वाचा सल्ला होय. काळी पडलेली पाने व वाळलेले शेंडे पाहून हात छाटणीकडे धावतो. परंतु मेलेली पालवी खालच्या जिवंत फांद्यांना पुढील रात्री थोडाफार आडोसा देत असते. शिवाय छाटणीनंतर फुटणारे नवे धुमारे पुढच्याच लाटेत सापडतात. जास्वंद, क्रोटन, बोगनवेल यांना माघ अखेरपर्यंत तसेच राहू द्यावे. नंतर फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवी दिसली तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडी असेल तेथपर्यंतच कापावे. या काळात पाणी बेताने द्यावे आणि नवी पालवी दिसल्याखेरीज खत देऊ नये. हंगामी रोपे पूर्ण मेली असतील तर ती उपटून खतात टाकावीत व त्या जागी काटक वर्गातील रोपे लावावीत.

ज्या घरांत बागेची देखभाल वडीलधारी मंडळी करतात, तेथे यापैकी बऱ्याच गोष्टी पूर्वापार चालत आलेल्या असतील. त्यांना जोड द्यावयाची ती नोंदींची. कोणत्या तारखेला ताटलीत बर्फ धरला, कोणत्या कोपऱ्यातील रोपे मेली, भिंतीलगतची कोणती वाचली, हे घरातील शाळकरी मुलांनी एका वहीत लिहून ठेवावे. दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदी हाती आल्या की आपल्या अंगणातील उबदार आणि थंड जागा नेमक्या कळतात. मग पुढील कार्तिकात झेंडू कोठे लावावा, शेवंती कोठे हलवावी आणि जुने लुगडे कोणत्या वाफ्यासाठी काढून ठेवावे, हे ठरविण्यास कोणाला विचारावे लागणार नाही.